चार वीत, चार बोटं

आमच्या घरात एकही निर्णय कधी सर्वानुमते झाला नाही; वहीत मात्र सगळे सर्वानुमते झालेले आहेत. वही मीच लिहायचो.

तेव्हा आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो. मी, बायको सुधा आणि पाचवीतली मंजू. कारखान्यात मी ऑफिसर होतो. तिथे दर सोमवारी मीटिंग व्हायची आणि तीत मला कोणी बोलू द्यायचं नाही. म्हणून मी घरी दर रविवारी मीटिंग सुरू केली. अध्यक्ष मी, सचिव मी. (खजिनदारही मीच, पण पैसे सुधाच्या डाळीच्या डब्यात.)

विषय कायम एकच: स्वयंपाकाचा ओटा. बिल्डरने तो कुणा फारच बुटक्या बाईचं माप घेऊन बांधला असावा. सुधा उंच. पोळ्या लाटून झाल्या की कंबर धरूनच बाहेर यायची. ओटा वाढवायला आम्ही वर्षभर पैसे साठवत होतो.

"मग गवंडी कधी बोलवायचा?" ती विचारायची.

"विषय तहकूब," मी म्हणायचो.

"कंबरही तहकूब करता येते का बघा."

एका रविवारी सुधा दिवसभरासाठी बदलापूरला माहेरी गेली. पुढच्या आठवड्यात माझे साहेब चहाला येणार होते आणि घरात बसायला दोन लोखंडी खुर्च्या. मी डाळीचा डबा उघडला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये सोफे स्वस्त मिळायचे. निघण्यापूर्वी दार मोजलं, वितीने.

"बाबा, टेप घ्या ना," मंजू म्हणाली.

"टेप हरवतो. वीत कायम हाताशी असते."

चार वीत, चार बोटं.

दुकानातले सिंधी शेठ अंगाने पैलवान. मी माप सांगितलं. त्यांनी सोफ्यावर आपला पंजा पसरला. "चार बित्ता, चार उंगली. एकदम बराबर, साईं. मख्खन की तरह अंदर जाएगा."

तो पंजा माझ्या दीडपट होता. पण भाव उतरवल्याच्या आनंदात मी पंजा पाहिलाच नाही.

सोफा दुसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि दारात अडकला. आडवा, उभा, तिरका. हमालांनी दार बिजागऱ्यांतून काढलं. दार निघालं, सोफा तसूभर हलला नाही! शेवटी तो जिन्याच्या वळणावर ठेवून ते निघून गेले. संध्याकाळी सुधा परतली, तेव्हा त्यावर बसून शेजारचे काका पेपर वाचत होते.

"वहिनी, सोय छान केलीत हो. चढून दम लागतो."

मी तोवर वही लिहून ठेवली होती. 'सोफा घेण्याचा ठराव. अनुमोदन: सौ. सुधा. दाराचे माप: कु. मंजू.'

"मी बदलापुरात बसून अनुमोदन दिलं?"

"तत्त्वतः."

"आणि मी माप कधी घेतलं?" मंजूने विचारलं.

"वहीत नोंद आहे," मी म्हणालो.

सुधाला मापाचं तेवढं खरं वाटलं; घरात टेप काढायची ती मंजूच. ती मंजूवर चिडली. मी मंजूचं मत तीन महिने गोठवलं, सर्वानुमते. पोर रडली नाही. आत जाऊन टेप आणला आणि माझ्या वहीवर ठेवला.

साहेब आले आणि चहा जिन्यातच प्यायले. नंतर सुताराने सोफ्याचे दोन्ही हात कापले, तेव्हा कुठे तो आत आला. कापलेल्या हातांच्या फळ्या सुधाने ओट्यावर गॅसखाली घातल्या. ओटा वाढला. चार बोटं.

आता मंजूचेही केस पिकू लागलेत. परवा ती आली, तेव्हा मी ती वही काढली, दोघींसमोर जुनी नोंद खोडली आणि लिहिलं: माप माझं, वीत माझी, थापही माझी.

मंजूने दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग म्हणाली, "ठराव मांडते. बाबांचं मत तीन महिने गोठवावं."

"अनुमोदन," सुधा म्हणाली. "आणि आज मी घरात आहे."

"माझा विरोध आहे."

"तुम्हाला मत कुठाय, बाबा?"

मी मुकाट्याने लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर. अख्ख्या वहीतलं ते पहिलं खरं 'सर्वानुमते'.