बहिणीच्या पोटावरचे तीन डाग

आज दुपारी पेणच्या दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, रिपोर्ट मिळाला. पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा, टीबी. मी रोह्यात शाळेत शिकवते, तरी टीबी पानथरीलाही होतो हे मला आजच कळलं.

चार महिने तिला रोज संध्याकाळी ताप यायचा. मलेरियाच्या गोळ्या घेऊन झाल्या. मग तिच्या सासरी, गागोद्यात, एका आजीनं पोट चाचपून सांगितलं, "पानथरी वाढलीय गो हिची." आणि तिथंच तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देऊन डाग दिला. असे तीन महिन्यांत तीन.

परवा सोनोग्राफीत गाठी दिसल्या, म्हणून डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढून तपासला. आज डॉक्टर त्या डागांकडे बोट दाखवून म्हणाले, "जागा बरोबर ओळखली होती. तेव्हाच आणायचं ना." आता यकृतातही पसरलाय.

सुनंदा म्हणाली, "ताई, पण मला खोकला तर नाय."

तुमच्या घरात कोणाला असा संध्याकाळचा ताप येतोय का? खोकल्याची वाट बघू नका.

आजीला मी काय बोलू? डाग देताना सुनंदा हलू नये म्हणून तिचे हात मीच धरले होते. तिन्ही वेळा.