मोठे दादा येईपर्यंत

गढा मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनी प्रत्येक वाक्याला 'हो ना, भाऊजी?' जोडतात, उत्तराची वाट मात्र पाहत नाहीत. नवरा गेला त्या सकाळी त्यांनी पंखा बंद केला आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. "यांना नेत्रदान करायचं होतं. तुमच्यासमोरच म्हणाले होते, हो ना, भाऊजी?"

या वेळी त्या थांबल्या.

धाकटा दीर म्हणाला, "नागपूरहून मोठे दादा येऊन राहिले ना. त्यांना विचारून पाहू."

"घरचा मामला आहे," मी पुटपुटलो.

दादा संध्याकाळी पोचले. नेत्रपेढीने सांगितलेली वेळ टळून गेली होती. सगळं ऐकून ते रडत म्हणाले, "मला फोनवरच काहून नाही विचारलं? मी हो म्हटलं असतं!"

वहिनींनी त्यांना पाणी दिलं. मग मलाही दिलं, आणि मी ते प्यालो.