काठीत मुद्दाम ठेवलेला आवाज

मला एका जागी बसता येत नाही. छत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो, कंपनीत डबासुद्धा उभ्यानं खायचो. रिटायर झालो तरी पायांना ते कळलेलं नाही. सोफ्यावर टेकलो की ही म्हणते, "पाय हलवायचा थांबवा, मला टीव्ही हलताना दिसतोय." मग मी उठतो, मोशीहून स्कूटर काढतो आणि निघोज्याला जातो. तिथं एका ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये माझा जुना लेथ मांडलेला आहे. काम असलं तर करतो, नसलं तर मशीन पुसतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण छत्तीस वर्षांत माझा एक जॉब, म्हणजे लेथवर केलेला भाग, रिजेक्ट झाला नाही. ही गोष्ट मी लग्नात सांगतो, बारशात सांगतो, दहाव्यालासुद्धा सांगितलेली आहे. कुणाला फुशारकी वाटली तर वाटो.

तर एके दिवशी शेडमध्ये एक तरुण आला. पाठीला लांब काळी पेटी. मला आधी बंदूक वाटली. पेटी उघडली तर आत मखमलीवर तीन काठ्या निजवलेल्या.

"कुठली काठी मोडली?" मी विचारलं.

"काका, काठी म्हणू नका. क्यू म्हणतेत."

"लाकडाची हाय ना? मग काठीच."

तो हसला. लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता, ती नोकरी सोडून पूल खेळायला लागला होता. पूल म्हणजे हिरव्या टेबलावर काठीनं गोळे मारून भोकात घालायचा खेळ. मी म्हणालो, याच्यावर पोट भरतं का. तो म्हणाला, "भरायलंय थोडं थोडं."

त्याची खेळायची काठी दोन तुकड्यांची होती, मधोमध आट्यांनी जोडायची. तो जोड, म्हणजे जॉइंट, चिरला होता. बाहेरून मागवला तर महिना जाणार. मी नवा करून दिला. आटे असे बसले की जोडलेली जागा नखाला लागेना. त्यानं काठी जोडली, उभी धरली, बूड फरशीवर हळूच आपटलं आणि कान दिला. एकच आवाज आला, टक. सैल असता तर मागून दुसरा बारीक आवाज आला असता. मग त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, जशी इन्स्पेक्टर लोक हलवतात तशीच. मला ते आवडलं नाही आणि आवडलंही.

पुढं तो येत राहिला. कधी काठीच्या टोकाचं, कधी वजनाच्या बोल्टचं काम. एकदा म्हणाला, "काका, मॅच बघायला या ना."

मोशीतच क्लब होता, दुसऱ्या मजल्यावर, खाली व्यायामशाळा. रविवारी दुपारी गेलो. आत एसी, आणि लग्नातल्यासारख्या खुर्च्या मांडलेल्या. बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. मला वाटलं, आता काही खरं नाही.

पण मी बघत गेलो तसा त्या खेळापेक्षा खेळणाऱ्यांत गुंतलो. एकाच्या पट्ट्याला लोहचुंबक, त्याला खडूचा ठोकळा चिकटवलेला. काठीच्या टोकाला तो खडू लावायचा, नाहीतर नेम घसरतो. कुणाच्या हातात तीनच बोटांचा मोजा. एक जण देहूरोडचा, त्याचा मोजा झेंडूसारखा पिवळा. समोरचा नेम धरायला वाकला की हा बरोबर त्याच भोकामागं उभा राहायचा आणि पिवळा हात काठीवर ठेवायचा. हलायचा नाही, बोलायचा नाही. फक्त पिवळा दिसायचा.

आमच्या लातूरवाल्याच्या समोर त्या दिवशी एक चाळिशीचा गृहस्थ होता. इस्त्रीचा शर्ट, बँकेतला वाटावा असा, आवाज मऊ. तो कौतुकानं मारायचा. "वा, काय सरळ हात आहे तुमचा," तो म्हणाला. "मी मघापासून बघतोय. मारताना तुम्ही श्वास आत घेता की सोडता?" झालं. त्यानंतर आमच्या गड्याचे तीन फटके लागोपाठ चुकले, कारण तो श्वास घ्यायला लागला होता. मी खुर्चीत नुसता तळमळत होतो. माझ्याही छातीत श्वास अडकायला लागला.

जो जिंकेल तो राज्याच्या निवडीला जाणार होता. आमचा मागं पडला होता. तेवढ्यात त्यानं खेळ थांबवला, काठी उभी धरून फरशीवर आपटली, कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जॉइंट सैल झालाय. लोकल काम. काय खरं न्हाई आज."

ऐकल्याबरोबर मी उठलो. तिथं प्रेक्षकानं उठायचं नसतं हे मला माहीत होतं. मी सरळ टेबलापाशी गेलो, त्याच्या हातातून काठी घेतली आणि त्या हिरव्या कापडावर गडगडवत सोडली. वाकडी किंवा सैल काठी उड्या मारत जाते. ही पाण्यासारखी गेली.

"बघा," मी म्हणालो. "कुठं सैल हाय? मी केलाय ह्यो जोड. शंका आसंल त्यानं डायल लावून माप बघावं."

पंच धावत आला. "काका, टेबलाला हात लावायचा नसतो." त्या मऊ आवाजाच्या गृहस्थानं मात्र आधी काठीकडं बघितलं, मग लातूरवाल्याकडं, आणि त्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "म्हणजे काठी एकदम चांगली आहे तर," तो म्हणाला, आणि खडू घासायला लागला. आमच्या गड्याचा चेहरा पांढरा पडला. पुढचे दोन्ही डाव तो हरला. मी खाली उतरायला निघालो तेव्हा तो पेटी बंद करत होता, त्यानं मान वर केली नाही.

पुढचे आठ दिवस मी कुठंच टिकलो नाही. शेडमध्ये गेलो की घरी यावंसं वाटायचं, घरी आलो की शेडमध्ये. हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्या पोराचा घास काढला." मी म्हणालो, "त्यानं माझ्या कामाला नाव ठेवलं." ती म्हणाली, "ठेवलं तर ठेवलं, तुम्हाला कोण ओळखतंय तिथं?" हे मला जास्तच लागलं. मी चहा अर्धा टाकून बाहेर पडलो.

नवव्या दिवशी तो शेडमध्ये आला. मी लेथ बंद केला नाही.

"काका, तुमी मला पाडलाव," तो म्हणाला.

"तू मला पाडलंस. चारचौघांत. सैल म्हनलास."

"सैल न्हाई म्हणून तर सैल म्हणता येतंय. खरंच सैल असता तर मी लपवलं नसतं का?"

मी लेथ बंद केला. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यानं समजावलं. मोडक्या काठीचा माणूस समोर आला की दुसरा आधी निवांत होतो. मग त्याला वाटतं, मोडक्या काठीवाल्याकडून हरलो तर तोंड कुठं दाखवू. निवांतपणातही चुकतो आणि भीतीतही चुकतो.

"मग दुसरं काहीतरी सांग की," मी म्हणालो. "पोटात दुखतंय म्हन."

"पोटाचं कुणी मानत न्हाई आता. सगळ्यांचंच दुखून झालंय."

"इन्स्पेक्टर व्हतास ना तू? टर्नरच्या समोर त्याचा चांगला जॉब रिजेक्ट म्हनायचा म्हंजे काय, तुला ठाव न्हाई?"

त्यानं पाठीवरची पेटी खाली ठेवली. "ठाव हाय काका. रोज म्हणायचो. पगारच त्याचा होता." मग म्हणाला, "मी दुसरीकडून जॉइंट करून घेतो. मग तर तुमचं नाव जाणार न्हाई?"

दुसरीकडून. म्हणजे माझं चांगलं काम काढून टाकायचं आणि कुणाचं तरी कसलंतरी बसवायचं. मी म्हणालो, "काठी इथं ठेवून जा. तू तोंडानं जोडाबद्दल एक शब्द काढायचा न्हाई, जिवात जीव हाय तवर. आवाज मी करून देतो."

"कसला आवाज?"

"सैलपनाचा."

आता हे काम किती अवघड, ते लेथवाल्यालाच कळेल. आयुष्यभर मी खेळ काढत आलो. दोन भागांत फट राहिली की आम्ही त्याला खेळ म्हणतो, आणि तो कमी करण्याचाच पगार घेतला. आता मला मापात खेळ ठेवायचा होता. काठीच्या बुडात वजनाचा बोल्ट असतो, तो पोकळ केला. आत पितळेची एक चकती, ती स्प्रिंगवर बसवली. काठी फरशीवर आपटली की चकती बोलली पाहिजे. फटका मारताना बोलली नाही पाहिजे, नाहीतर याचाच नेम जाईल. चार दिवस माझं डोकं त्या चकतीत होतं. जेवताना ही काहीतरी सांगत होती, मी ताटाच्या कडेवर चमचा आपटून आवाज ऐकत होतो. स्प्रिंग शेवटी साध्या बॉलपेनातली घेतली आणि तिचे वेढे कापत गेलो. सहा वेढ्यांना मुकी राहिली. तीनला फटक्यातही वाजली. दुसरी स्प्रिंग घेऊन चार ठेवले, बरोबर. टक, आणि मागून टिक. ऐकणाऱ्याला शंका यावी, खात्री होऊ नये, इतकाच.

त्यानं आपटून बघितलं. पुन्हा आपटलं. डोळे मिटून ऐकलं. "काका, हे नियमात बसतं का?" उलट त्यानंच मला विचारलं.

"मला काय विचारतोस? नियम तुजे."

"वजन बदललेलं चालतंय. आवाजाचं काही लिहिलेलं न्हाई."

मी ते तिथंच सोडलं. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण काम चोख झालं होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा निवडीची मॅच आली. समोर तो पिवळ्या मोज्याचा देहूरोडवाला. हिनं बजावून पाठवलं, "उठायचं नाही. काहीही झालं तरी उठायचं नाही." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. शेजारी एक नोकरदार माणूस, मांडीवर हेल्मेट, खेळातलं कळतं असं दाखवणारा.

बरोबरीत आल्यावर आमच्या गड्यानं काठी आपटली. टक, टिक. कपाळाला आठ्या घातल्या, जोडावर एकदा अंगठा फिरवला, तोंडातून अक्षर काढलं नाही. शब्दाला जागला. देहूरोडवाल्यानं मान वळवली. पिवळा हात काठीवरून खाली आला.

शेजारचा माझ्या कानाशी वाकला. "जॉइंट गेलाय त्याचा. ऐकलात?"

"हं," मी म्हणालो.

"असल्या गल्लीतल्या लेथवर काम केलं की असंच व्हायचं. कुणीतरी म्हातारा बसलेला असतो, ना मशीन धड ना डोळे."

माझे पाय सुरू झाले. खुर्ची कुरकुरायला लागली तसे मी ते एकमेकांत अडकवले. टेबलावर तो पुन्हा टक, टिक करत होता आणि दर वेळी शेजारचा च्यक च्यक करत होता. "करणाऱ्याला जरा तरी लाज पाहिजे," तो म्हणाला. मी दाढा दाबून ठेवल्या. देहूरोडवाल्याचा सोपा गोळा भोकाच्या ओठावरून परत आला. मग अजून एक. त्यानं मोजा काढला, घाम पुसला, उलटा घातला, परत काढला. शेवटचा काळा गोळा आमच्या गड्यानं अगदी हळू आत सोडला.

टाळ्या वाजल्या. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. एरवी मी ती मान हलवलेली बघत उभा राहिलो असतो. पण शेजारची खुर्ची रिकामी झाली होती आणि तो हेल्मेटवाला दाराबाहेर निघाला होता.

मी त्याच्या मागं गेलो. जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरलो, या वयात. खाली व्यायामशाळेपाशी तो गाडीवर बसून हेल्मेटचा पट्टा लावत होता. मी गाडीचं हँडल धरलं.

"तो जोड सैल न्हाई," मी म्हणालो. दम लागला होता. "तो जोड मी केलाय. त्यात धागाभरसुद्धा खेळ न्हाई. आवाज हाय तो बुडातला हाय, मी मुद्दाम ठेवलेला. पेनाची स्प्रिंग हाय, चार वेढे. तिनाला वाजती, सहाला वाजत न्हाई. माजा एक जॉब आजवर..."

त्यानं गाडी चालू केलेलीच होती. हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, "काय म्हणताय काका? पार्किंगचं का?"

वर, खिडकीशी, देहूरोडवाला पेटी खांद्याला लावून उभा होता. त्यानं खाली बघितलं. त्याच्यापर्यंत काही पोचत होतं की नाही, मला अंदाज आला नाही. एवढ्यात लातूरवालाही जिन्यावरून उतरत आला, हसत, हातात जिंकलेला कप, मला शोधत.

"मी पुन्हा सांगू का?" मी त्या माणसाला विचारलं.

त्यानं गाडी बंद केली. लातूरवाला जवळ येऊन उभा राहिला. तो माझ्या हँडलवरच्या हाताकडं बघत होता आणि त्याचं हसणं हळूहळू थांबत गेलं.

मी हात सोडला. "पार्किंगचंच," मी म्हणालो. "जरा गाडी पुढं घ्या."