म्हशीला पाठ झालेली हाडं

या पृथ्वीतलावर एकही जीव धडधाकट नाही, याबद्दल आमच्या वहिनींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वहिनी म्हणजे माझ्या शेजारच्या मित्राची बायको. मित्र गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा भिंतीपलीकडे वहिनी आणि त्यांची म्हैस, आणि अलीकडे मी, निवृत्त हेडमास्तर आणि विधुर, असा आमचा शेजार. लग्नापायी वहिनींचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष सुटलं होतं, पण अंगातली नर्स काही सुटली नव्हती. आल्यागेल्याला पाण्याच्या तांब्याआधी जीभ दाखवावी लागे. केजच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारच्या अनोळखी बाईशी गप्पा मारता मारता त्या तिची नाडी कधी धरत, ते त्या बाईलाही कळत नसे. एका लग्नात तर त्यांनी मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाची पापणी खाली ओढली आणि "रक्त लई कमी हाय" असं भर मांडवात जाहीर केलं. नवरीच्या बापाला मग कोपऱ्यात नेऊन समजवावं लागलं. माझ्यासाठी रोज सकाळी भिंतीवरून हाक यायची, "भावजी, जीभ दावा." मी चिडायचो, पण दाखवायचो. खरं सांगायचं तर पुष्कळदा दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच असायचं.

आमच्या दूध संस्थेनं सभासद बायकांना अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला मदत द्यायचं ठरवलं, तेव्हा चाळिशी उलटलेल्या वहिनी सर्वात आधी हजर. चेअरमननी विचारलं, "या वयात शिकून काय करता, बाई?" वहिनी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. तुमचे पाय कावून सुजलेत?" चेअरमन घाबरून दवाखान्यात गेले, गोळ्या घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी मदत मंजूर केली. अट एकच होती, सभासदाचं दूध संस्थेत येत राहिलं पाहिजे. दूध थांबलं की मदत बंद, आणि मदत बंद झाली की वहिनींचं वसतिगृह सुटणार. म्हैस माझ्या हवाली करून वहिनी अंबाजोगाईला निघाल्या. जाताना म्हशीच्या गळ्यात पडून रडल्या. माझी फक्त जीभ बघितली.

नेमका त्याच साली पाऊस दगा देऊन गेला. वैरण संपली तशी गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी लागली आणि म्हशीबरोबर मीही तिथे मुक्कामाला गेलो. म्हशीला काही माझा हात मानवेना. कासेला बोट लावलं की लाथ. बादली एकीकडे, मी एकीकडे. संस्थेचा सचिव दोनदा येऊन गेला. "गुरुजी, दूध न्हाई आलं तर मला वर कळवावं लागंल. माजा नाइलाज हाय."

मी वहिनींना फोन लावला. त्यांनी आधी म्हशीचं शेण कसं पडतंय ते विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, माजी हिरवी साडी गुंडाळा. वास वळखते ती. अन् धार काढताना मी ट्रंकेतल्या वहीतली हाडांची नावं म्हनायचे, ती म्हना."

"म्हशीला?"

"मग कुनाला? घरात ऐकायला दुसरं कोन हुतं?"

मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी, मिशांसकट, मी हिरवी साडी नेसून, वही पुढ्यात ठेवून बसलो आणि "स्कल, क्लॅविकल, स्कॅप्युला" असा पाठ सुरू केला. सगळी छावणी गोळा झाली. "गुरुजींना ऊन लागलं का बे?" कोणीतरी मागून विचारलं. एक म्हातारी तर मला कुंकू लावायला निघाली होती. मी मान वर केली नाही. "ह्युमरस, रेडियस, अल्ना" झालं, म्हशीनं मागे वळून माझा पदर हुंगला आणि मी मांडीच्या हाडापाशी येताच तिनं पान्हा सोडला. मला इतका आनंद झाला, की पुढची हाडं मी ओरडूनच म्हटली. पुढे छावणीतली पोरंठोरंही माझ्याबरोबर हाडं म्हणू लागली. संस्थेत दूध जात राहिलं.

वहिनी पास झाल्या. गेवराईकडच्या एका दवाखान्यात त्यांना नोकरी लागली आणि एक दिवस त्या म्हैस न्यायला टेम्पो घेऊन आल्या. मी साडी धुऊन, घडी घालून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमालाच. तुमाला शोभती म्हने." म्हैस टेम्पोत चढली. मग वहिनी माझ्यासमोर आल्या आणि मी न सांगताच जीभ काढली. त्यांनी जीभ बघितली, पापणी बघितली, मनगट धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तब्येत ठणठणीत हाय तुमची, भावजी," त्या म्हणाल्या. "आता बगायचं काई कारन न्हाई."

त्यांच्या तोंडून असं प्रशस्तिपत्र आजवर कोणाला मिळालं नव्हतं. आणि मला मात्र वाटलं, काहीतरी झालेलं असतं तर बरं झालं असतं.

अजूनही सकाळी मी भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. मग घरात येतो, आरशासमोर जीभ काढून बघतो. मला त्यातलं काही कळत नाही.