काकांच्या घरचा वरवंटा

कुणाच्याही घरी गेले की काका आधी शोकेसपाशी थांबायचे, काचेवर बोटाने टकटक करायचे आणि आत ठेवलेल्या वस्तूंकडे बघत विचारायचे, "यांना कसली शिक्षा झालीय?"

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत ते होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यापासून एकटे राहणारे, आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात. सोसायटीतले पंजाबी, बंगाली, मल्याळी सगळे त्यांना काकाच म्हणत. काका म्हणजे काय हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसावं. त्यांना ते नावच वाटत असे.

जुनी वस्तू जपून ठेवलेली त्यांना खपत नसे. जपायची म्हणजे वापरायची, असा त्यांचा खाक्या. "वापरा हो, वापरा! बघायला काय ठेवलंय?" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कपाटातलं काही बाहेर काढताना ते कानात वाजतं. त्यांच्या घरी पाणी पितळेच्या फुलपात्रातून मिळे, शेव आजोळच्या पितळी सोऱ्यातून पडे, आणि दिल्लीची थंडी सुरू झाली की अंगावर वडिलांचा ओव्हरकोट चढे. वडील त्यांच्यापेक्षा चांगलेच उंच असावेत, कारण कोटाच्या बाह्यांतून काकांची फक्त बोटं दिसत. मुलीने बेंगळुरूहून नवीन जॅकेट पाठवलं होतं. ते घडी न मोडता कपाटात पडून होतं. म्हणजे शिक्षा त्यांच्याही घरी होत होती, फक्त नव्या वस्तूंना. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, "मुरू दे जरा. मी गेलो की जुनं होईल, मग जावई घालेल."

या सगळ्या संसारात त्यांचा खरा मान होता तो पाटा-वरवंट्याला. रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून घर्रघर्र आवाज येऊ लागला की आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळायचं, चटणी चाललीय. हा निवृत्त अधिकारी जमिनीवर मांडी ठोकून कोथिंबीर-खोबरं वाटत बसायचा आणि थोड्या वेळाने वाट्या घेऊन दारोदार हिंडायचा. शेजारच्या मिसेस खन्नांनी एकदा विचारलं, "काका, मिक्सी खराब हो गयी क्या?" काका म्हणाले, "मिक्सी ठीक है जी. मैं खराब न हो जाऊँ, इसलिए."

त्यातला वरवंटा मात्र नुसता चटणीचा नव्हता. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवायची आपली रीत. त्याला न्हाऊ घालायचं, टोपडं घालायचं, पाळण्याखालून-वरून फिरवायचं, आणि मग बाळाचा नंबर. आता दिल्लीतल्या फ्लॅटात वरवंटा कोण ठेवतो? त्यामुळे द्वारका, जनकपुरी, नोएडा, गुडगाव, कुठेही मराठी घरात बाळ जन्मलं की काकांना फोन यायचा. काका तो धुऊन, टोपडं घालून, कापडी पिशवीत ठेवून मेट्रोने निघायचे.

मेट्रोच्या तपासणीत हमखास अडकायचे. एकदा मी बरोबर होते. यंत्राच्या पलीकडे बसलेल्या जवानाने पिशवी उघडली, आत टोपडं घातलेला दगड बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. "अंकल, ये क्या है?"

"बच्चा है जी."

"बच्चा?"

"पहले ये सोयेगा, फिर असली बच्चा सोयेगा. हमारे यहाँ ऐसे ही होता है."

जवानाने काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपड्याची सुटलेली नाडी स्वतः नीट बांधली आणि म्हणाला, "ले जाओ. गिराना मत."

या वरवंट्याबद्दल कुणी विचारलं की काका ठरलेलं उत्तर देत, "आमचा घरचा आहे." त्यामुळे आम्ही सगळे समजून चाललो होतो की पाच-सात पिढ्यांचा, कोकणातल्या की देशावरच्या कुठल्या तरी मोठ्या घरातला हा ऐवज असणार.

माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही काकांनी शोकेसवर टकटक केलं होतं. आत एक चांदीची वाटी होती. "हिचा काय गुन्हा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजीने दिलीय. बाळाला मऊभात भरवायला." आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात बाळ नव्हतं. काकांनी बोट काचेवरून काढून घेतलं. त्या दिवशी "वापरा हो" म्हणाले नाहीत. चहा घेतला, कपबशी स्वतः विसळली आणि गेले. त्यानंतर त्या वाटीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. थट्टा कुठे थांबवायची हे कळणारी माणसं फार थोडी असतात, आणि त्यांतला एक आमच्या समोर राहत होता, हे माझं भाग्य.

मग रेवा आली. आम्ही तिला दत्तक घेतलं. घरी आली तेव्हा ती आधाराशिवाय बसत होती, समोर दिसेल ते तोंडात घालत होती. काका दारात उभे राहिले, तिने त्यांचा चष्मा ओढला, आणि ते तसेच, चष्म्याविना, माझ्याकडे वळून म्हणाले, "काढ ती वाटी." मी काढली. त्या दुपारी रेवाने आजीच्या वाटीतून मऊभात खाल्ला आणि उरलेला काकांच्या शर्टाला पुसला.

मला तिचं बारसं करायचं होतं. घुगऱ्या, पाळणा, ओवाळणं, सगळं. हौस होतीच, पण खरं कारण दुसरं होतं. मला तिला चारचौघांत आमची म्हणायचं होतं, आणि आमच्या माणसांनी तिला आमची म्हणायला हवं होतं. बारशात बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. माझ्या नवऱ्याला एकच बहीण, नोएडाला राहणारी, आमची ताई. तिला फोन केला.

ताई वाईट नाही. आमच्या अडीअडचणीला ती पहिली धावते. पण ती म्हणाली, "मी येईन गं. घुगऱ्या पण मीच करून आणीन. फक्त ते कानात नाव सांगायचं मला सांगू नकोस. बाराव्या दिवसाचं असतं ते. ही चांगली मोठी आहे. आणि... माझ्या तोंडून नाही निघणार. खोटं वाटेल मला."

बहिणीशी भांडणं नवऱ्याला कधी जमलं नाही. मी समोरच्या दारी गेले आणि काकांपुढे रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताईला नावं ठेवली नाहीत की मला समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "बारसं होणार, बिल्कुल होणार. ताईला म्हणावं, लवकर ये. मला मदत लागेल."

बारशाच्या सकाळी ताई खरंच लवकर आली, घुगऱ्यांचा डबा घेऊन. काका वरवंटा घेऊन आधीच आमच्या स्वयंपाकघरात उभे होते. "ताई, अगं बरं झालं आलीस. माझे हात हल्ली थरथरतात. याला न्हाऊ घाल जरा."

ताईने पदर खोचला. तो वरवंटा तिला अनोळखी नव्हता. तिच्या मुलाच्या बारशाला हाच पाळण्यात गेला होता. तिने कोमट पाण्याने तो धुतला, तेल लावलं आणि मऊ पंच्याने इतका हळुवार पुसला की मी बघत राहिले. मग कौतुकाने म्हणाली, "काका, किती पिढ्या झाल्या हो याला तुमच्या घरात?"

"पिढ्या? छे गं. आमचा नाहीच हा."

ताईचा हात थांबला. मीही ऐकू लागले.

"वडिलांची दिल्लीला बदली झाली, तेव्हा पाटा-वरवंटा सामानातून निघाला. पाटा पोचला, वरवंटा कुठे गळाला देव जाणे. करोल बागेत भाड्याच्या खोलीत राहायचे आई-वडील. तिथे माझा जन्म झाला. बारसं करायचं तर वरवंटा नाही, आई रडायला लागली. समोरच्या खोलीत एक पंजाबी बाई होती, फाळणीत पलीकडून आलेली. तिची सिल, म्हणजे पाटा, तिकडेच राहिली होती. बट्टा, म्हणजे वरवंटा, तेवढा कपड्यांच्या गाठोड्यातून आला होता. कसा आला, तिलाही सांगता येत नसे. तिने तो आणून दिला. हाच तो. आणि पाळण्याच्या पलीकडे तीच उभी राहिली. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' तिला कुठलं यायला? 'लो जी, लो जी' म्हणत तिने मला आईच्या हातात दिलं."

काका हसत होते. ताई हसली नाही.

"मग पुढे दोघी आमच्याच पाट्यावर वाटायच्या. तिचा पुदिना, आईचं खोबरं. ती घर बदलून गेली तेव्हा बट्टा इथेच ठेवून गेली. म्हणाली, ये अब इसी पत्थर को पहचानता है."

"पण काका," ताई म्हणाली, "तुम्ही तर सगळ्यांना घरचा म्हणून सांगता."

"घरचाच आहे की! पाळण्यात गेला ना तो, त्या दिवसापासून घरचा. आईने तरी कधी दुसरं काही म्हटलं नाही." मग पिशवीत हात घालून त्यांनी टोपडं काढलं. "हे घाल त्याला. नाडी घट्ट बांधू नकोस."

हे त्यांनी मुद्दाम सांगितलं का? मला विचाराल तर मुद्दामच. त्याआधी मी त्यांच्याकडून ते कधीच ऐकलं नव्हतं. पण सांगून झाल्यावर ते ताईकडे बघत थांबले नाहीत. घुगऱ्यांत मीठ कमी आहे म्हणत डबा घेऊन बाहेर गेले.

पाहुणे जमले. पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई. वरवंटा वरून-खालून फिरला, पाळण्यात निजला. मग रेवाची पाळी. चांगलीच वजनदार पोर, पाळण्याखालून देता-घेता आम्हा दोघींना घाम फुटला. पाळण्यात ठेवल्याबरोबर ती उठून बसली आणि वरवंट्याचं टोपडं धरून ओढू लागली. सगळे हसले. मला हसू येत नव्हतं. आता नावाची वेळ होती, आणि मी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की कुणीच पुढे आलं नाही तर मीच सांगेन. आईने सांगितलं म्हणून काही बिघडत नाही, असं मी स्वतःला आदल्या दिवसापासून बजावत होते. पण बिघडत होतं. मला फार वाईट वाटणार होतं.

ताईने रेवाच्या मुठीतून टोपडं सोडवलं. ते परत वरवंट्याला न घालता तिने रेवाच्या डोक्यावर घातलं. मग ती वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुर्रर्र... रेवा!"

आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. मी इतका जोरात घातला की ती कळवळली. आणि मग आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडलो. रेवा घाबरून तिसरी रडायला लागली. काका दाराशी उभे होते, हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन, आणि मिसेस खन्नांना समजावत होते, "सब ठीक है जी, खुशी का रोना है."

गेल्या थंडीत काका गेले. फार आजारी पडले नाहीत, कुणाला धावपळ करायला लावली नाही. त्यांचे आभार मानायचे म्हणता म्हणता राहून गेलं असं मात्र झालं नाही. मी ते त्यांना अनेकदा बोलून दाखवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी विषय बदलून चटणीत मिरची जास्त झाली का, असं विचारलं होतं. रविवारी आता आमच्या मजल्यावर शांत असतं. त्या शांततेची सवय अजून झालेली नाही.

त्यांची मुलगी बेंगळुरूहून घर आवरायला आली. गुणी मुलगी. ज्याला जे हवं ते न्या, पण वापरा, असं बाबांनी सांगून ठेवलंय म्हणाली. मिसेस खन्नांनी फुलपात्रं नेली. मी सोऱ्या घेतला. पाटा-वरवंट्याला मात्र ती हात लावू देईना. हे घरच्या माणसाकडेच जायला हवं, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिच्या फ्लॅटात तर ओट्यावरही जागा नव्हती.

ताई नोएडाहून आली होती, रेवाचं बोट धरून दारात उभी होती. तिने पाटा-वरवंटा मागितला. मुलगी तिला ओळखत नव्हती. जरा संकोचून तिने विचारलं, "तुमचं बाबांशी नातं काय?"

ताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग रेवाला पुढे करून म्हणाली, "मी हिची आत्या. तुझ्या बाबांनी केलं मला."

मुलगी आत गेली आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.