आमच्या राणीची सोयरीक

चहाचा कप आधी खाली ठेवा, मगच ऐका, नाहीतर ठसका लागेल आणि बोल मला लागेल! जी फजिती मी अजून सासुरवाडीतही कळू दिलेली नाही, ती तुम्हाला सांगतोय.

आमचं भंडाऱ्यात कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान. आजोबांच्या काळी घरात माग होते, आता नुसती गादी उरली. पण साड्यांपेक्षा माझं नाव सोयरिकांसाठी जास्त. लग्नाचा बस्ता घ्यायला आलेलं घर माझ्या गादीवर बसतं, बोलतं, आणि कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोणाची मुलगी शिकून मोकळी झाली, सगळं मला कळतं. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तरी माझ्या सोयरिका दोन्हीकडे धडाक्यात चालू!

आणि आमची राणी. पिवळी लॅब्रॅडोर. तुमसरच्या एका माणसाकडून आणलेली, माझ्या गळ्यातला ताईत.

एकदा एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "भाऊ, इची पिल्लं झाली त मले एक ठेवजा."

"ठेवलं समजा!" मी म्हणालो.

झालं! तेव्हापासून जो दुकानात येईल त्याला साडीची घडी घालता घालता मी विचारायला लागलो, "पिल्लू पाहिजे का?" लोक म्हणायचे, "हो हो, द्या ना!" पिल्लांचा पत्ता नाही, आणि मी वाटून मोकळा!

आमची सौ., शीला, तेव्हाच म्हणाली होती, "अवो, ते पोट्टी मागचा पाय ओढून राहिली. पयले डॉक्टरले दाखवा ना."

"ओढत नाही गं, ठुमकते! चालच तशी आहे तिची."

आता माझ्यासारख्या माणसाला नवरदेव शोधायला किती वेळ लागणार? सिहोऱ्याचे नामदेवभाऊ, धानाचे मोठे शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या कुत्र्याचा, शेरूचा फोटो पाहिला आणि मी जागच्या जागी सोयरीक पक्की केली. रीतसर पाहणी करायची ठरली. हसू नका! राणीला आंघोळ घातली, गळ्यात कोसाचा पट्टा बांधला आणि आम्ही दोघं तिला गाडीत घालून सिहोऱ्याला निघालो.

तिकडेही हौस काही कमी नव्हती. वच्छलावहिनींनी, म्हणजे नामदेवभाऊंच्या मंडळींनी, अंगणात सडा टाकलेला. हळदीकुंकवाचं ताट तयार. धानाच्या पोत्यांमागून शेरू आला आणि मी ओरडलोच, "शीला, चाल पाहा! चाल!"

तोही मागच्या पायाने ठुमकत होता. अगदी राणीसारखा!

"जोडा पाहा कसा जमला!" मी गुणच मोजायला बसलो. नाक? दोघांचंही गुलाबीसर. कान? डावा जरा दुमडलेला, दोघांचाही. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि दोघंही एकाच खाटेखाली घुसले.

"छत्तीसच्या छत्तीस!" मी नामदेवभाऊंच्या पाठीवर थाप मारली. "असं स्थळ माणसात नाही भेटत, भाऊ!"

शीला मात्र एकदा शेरूकडे आणि एकदा राणीकडे पाहत होती. मला वाटलं, बाईमाणूस आहे, लेक सासरी जाणार म्हणून गलबलली असेल.

वहिनींनी चहा दिला आणि सहज विचारलं, "भाऊ, पोट्टीचं माहेर कोनतं म्हनलं?"

"तुमसर!" मी ऐटीत म्हणालो. "गावाबाहेर तो लाल फाटकवाला नाही का, कुत्री विकतो तो. मागच्या दिवाळीच्या टायमाले आणली."

वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली. "अवं बाई! आमचा शेरू बी तेथचाच. अन् दिवाळीतलाच!"

माझ्या कानात कुकरची दुसरी शिट्टी वाजली म्हणा ना.

अहो, मी कोण? गादीवर माणूस टेकला की चहाच्या आधी मी विचारतो, "मामकूळ कोणतं?" एकच कूळ निघालं म्हणून ठरत आलेली स्थळं मी स्वतः फिरवलीत! आणि स्वतःच्या राणीच्या वेळी? गुलाबी नाक पाहून पाघळलो!

नामदेवभाऊंनी तिथूनच लाल फाटकवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"हो ना भाऊ, दोघंही एकाच वेताचे," तो मजेत म्हणाला. "त काय झालं? मानसं थोडीच होत! बिनधास्त लावा जोडी. ह्यायची माय बी ह्यायच्याच बापाची पोरगी होय. आपल्याकडं असंच चालते."

नामदेवभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि हळदीकुंकवाचं ताट उचलून मुकाट्याने आत नेऊन ठेवलं.

"अन् तो मागचा पाय?" शीलाने पुढे होऊन फोनमध्येच विचारलं.

"ते त सगळ्याच पिल्लायले आहे, वैनी. माय बी तशीच चालते."

म्हणजे जे मी ठुमकणं म्हणून मिरवत होतो, ते खानदानी दुखणं होतं! दुसऱ्या दिवशी राणीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "खुब्याचा सांधा जन्मापासूनच ढिला आहे. हे मायबापाकडून पिल्लांत उतरतं. अशा कुत्रीला पिल्लं होऊ दिली असती ना, त एखाद्या वेळी ही उठलीच नसती. अन् पिल्लंही जन्मभर लंगडली असती."

खरं सांगतो, राणी माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून पडली होती, तिला काय माहीत मी तिच्यासाठी काय मांडून ठेवलं होतं ते! नसबंदी करायची, वजन उतरवायचं, औषध द्यायचं, डॉक्टर जे म्हणाले त्याला मी नुसती मान डोलावली. शेरूचंही ऑपरेशन करायचं नामदेवभाऊंनी ठरवलं.

राहिले ते पिल्लांचे उमेदवार. अर्ध्या भंडाऱ्याला जबान दिलेली! आता लोक तोंडावर काय बोलतील? घाबरत घाबरत पहिल्याला फोन केला. "भाऊ, माफ करजा, पिल्लं काही होणार नाहीत."

"बरं झालं बाप्पा!" तो म्हणाला. "घरचे कुत्र्याले उंबरठा ओलांडू देत नाहीत. पन तुमच्या तोंडावर नाही कसं म्हनू?"

दुसरा म्हणाला, "आमी भाड्याच्या खोलीत राहतो, भाऊ. कुठं ठेवलं असतं?"

तिसरी बाई तर सरळ म्हणाली, "मी त साडीचा भाव कमी कराल म्हनून हो म्हनलं होतं!"

एक जण, अहो एकही जण म्हणाला नाही की वाईट झालं! ती सगळी लंगडी पिल्लं शेवटी कुठे गेली असती? फोन ठेवून मी शीलाला म्हणालो, "अगं, मग पिल्लं पाहिजे कोणाला होती?"

शीला राणीच्या पायाला तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "पिल्लं कोनालेच नोको होती. तुमालेच व्याही व्हाची घाई झाली होती!"