तळं कुणाचं?

वेदिकाने लहानूला पहिल्यांदा पाहिलं ते म्हैस म्हणून. शेवाळ पांघरलेलं काळंभोर डोकं तळ्यातून वर आलं, नाकातून फुरफुरलं, आणि तिने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘गुरांचा वापर : होय.’ मग म्हशीने तोंडातून पाण्याची अशी पिचकारी मारली, की पलीकडे सिन्नरच्या स्टँडवर लोकांनी छत्र्या उघडल्या असतील. आणि म्हैस ओरडली, “व्हा मागं! तळं माझं हाय!”

वेदिका मागे सरकली ती थेट चिखलात. चिखल कसला, कोंबड्यांची पिसं, आतडी आणि कुजका झेंडू यांचं मुरलेलं लोणचं ते! चप्पल आतच राहिली.

“पाय हलवू नका बाई, खाली अजून लय माल हाय,” म्हैस म्हणाली आणि तिने काठीने चप्पल काढून दिली.

लहानू हा ग्रामपंचायतीचा निवृत्त शिपाई. गायरानातल्या त्या दोन एकरांच्या तळ्यातला कचरा तो रोज सकाळी उपसायचा आणि उपसताना गावाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. कचऱ्याच्या त्याने जाती पाडल्या होत्या : लग्नाचा, कोंबडीचा आणि देवाचा. “देवाचा सगळ्यात घाण,” तो थुंकून म्हणे. “पिशवीला गाठ मारून फुलं फेकत्यात. देव काय गाठी सोडत बसंल?” कचऱ्याचा टेम्पो काठाशी थांबला, काच खाली झाली, की लहानूचं एकच वाक्य सुटायचं, “तळं माझं हाय!” तीस वर्षं टेम्पोवाले त्या वाक्याला भिऊन होते.

बायको सरुबाई म्हणायची, “बापानं मला बेडकाच्या घरात दिली. जेवायला हाक मारायची ती पन तळ्याकडं तोंड करून.”

वेदिकाचं काम पाणथळ जागा मोजायचं. तळं नैसर्गिक ठरलं, की काठापासून पन्नास मीटर राखीव. भराव नाही, बांधकाम नाही. कुणी खोदलेलं शेततळं ठरलं, तर काहीच नाही. काठाला लागूनच ‘लवकरच येत आहे : भव्य लॉन्स’ असा फलक उभा होता, त्यामुळे लहानूचा जीव ‘नैसर्गिक’ या एका शब्दात अडकला होता. वेदिकाने ‘नैसर्गिक’ लिहिलं. टिबुकल्या, शेकाटे, पाणकोंबड्या अशी सगळ्या पाणपक्ष्यांची हजेरी लहानूनेच घेतली.

मग पडताळणीला कचेरीतले साहेब आले. नाकाला रुमाल. गाडीतून उतरायची किळस वाटली, म्हणून त्यांनी काच चार बोटं खाली केली.

“तळं कुणाचं?”

काच खाली झालेली दिसली मात्र, लहानूच्या तोंडून तीस वर्षांची सवय बाहेर पडली. “माझं हाय! व्हा मागं!”

“खोदलं कुणी?”

“दर उन्हाळ्यात मीच गाळ काढतो. दुसरं कोन येतंय मरायला?”

“लिहा. खाजगी शेततळं.”

“सर, हे गायरान आहे,” वेदिका म्हणाली. “यांच्या नावावर इथलं ढेकूळसुद्धा नाही.”

“मॅडम, मालक स्वतः सांगतोय. तुम्ही का गरिबाचं तळं हिसकावता?” काच वर गेली.

चिखलात पाय गेला तेव्हा वेदिकाला एवढी शिसारी आली नव्हती. ती सातबारा घेऊन कचेरीत गेली. तिथला कारकून म्हणाला, “हा जमिनीचा झाला. पाण्याचा कुठंय?” लहानूने अर्ज केला, ‘तळं माझं नाही.’ एवढे तीन शब्द लिहिताना त्याने चार कागद फाडले. उत्तर आलं, मालकी सोडायची असल्यास मालकीचा पुरावा जोडावा.

त्यानंतर ग्रामपंचायतीची नोटीस आली. तळ्यात डास होतात, सबब मालकाने ते पंधरा दिवसांत बुजवावे.

“आता तरी मला मालकीन म्हना,” सरुबाई म्हणाली. लहानूने नोटिशीची घडी केली आणि तो पचकन थुंकला.

मालक बुजवत नाही म्हणून मे महिन्यात ग्रामपंचायतीनेच मुरूम टाकून तळं बुजवलं. तिथे आता लॉन्सचं पार्किंग आहे.